हल्ला झाल्यावर सरकारनं नक्की काय करायचं?

मधला_बाक

मी संरक्षण, पोलीस वगैरे क्षेत्रातला नाही. जुने चौकशी अहवाल वाचायची खोड आहे, आणि गेला महिनाभर ओळीनं दहशतवादी हल्ल्यांचेच वाचतोय. बॉम्ब-बंदुकांच्या वर्णनापेक्षा त्यातल्या टेबलांनी माझी झोप उडवली आहे. टेबलं म्हणजे खरोखरची, कचेरीतली.

नॉर्वेचंच घ्या. २२ जुलै २०११. ऑस्लोच्या सरकारी इमारतीबाहेर बॉम्ब फुटला, ८ जण गेले. दहा मिनिटांच्या आत एका माणसानं पोलिसांना फोन केला: गणवेशातला एक इसम हातात पिस्तूल घेऊन गाडीत बसून गेला, गाडीचा नंबर हा असा. फोन घेणारीनं तो कागदावर उतरवला आणि वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सुमारे वीस मिनिटं तो कागद तिथेच पडून. गाडीवाला पुढे उटोया बेटावर गेला आणि तिथे त्यानं ६९ जणांना मारलं, बहुतेक पोरंसोरं. जिथे बॉम्ब फुटला तो रस्ता वाहनांना बंद करायचं कित्येक वर्षं आधी ठरलं होतं. ठरलं होतं, केलं नव्हतं. आयोगानं २०१२ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की आधीच मंजूर झालेले उपाय अमलात आणले असते तर ऑस्लोतला स्फोट टळू शकला असता.

हे वाचून माझं एक मत झालंय, ते मांडतो, झोडपा खुशाल. हल्ल्यानंतर पहिला महिनाभर सरकारनं एकही नवा कायदा, नवं दल, नवी घोषणा करू नये. जखमींना वाचवावं, खुन्यांचा माग काढावा, लोकांशी खरं बोलावं, आणि 'ठरलं होतं पण केलं नव्हतं' अशी यादी काढून ती पुरी करावी. बास.

तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? (आजच्या पक्षांची नावं घेऊन कुस्ती खेळायला दुसरे धागे आहेत. इथे नको.)

तिरकस_बाण

रुमाल टाकून ठेवतो. शंखनादराव यायच्या आत जागा धरलेली बरी.

निवृत्त_नाना

बाकराव, टेबलाचं बरोबर पकडलंत. माझी नोकरी पोलिसांत, त्यातली बरीच वर्षं नियंत्रण कक्षात गेली. कुठे ते विचारू नका.

लोकांना वाटतं की माहितीच नसते. माहिती ढिगानं असते हो! रोज अलर्ट. 'अमुक संघटना गर्दीच्या ठिकाणी घातपात करण्याची शक्यता, सर्वांनी सतर्क राहावे.' कुठे, कधी, कोण, काही नाही. असा कागद वरून आला की खाली पाठवायचा, पाठवल्याची नोंद करायची. उद्या काही झालंच तर वरचा म्हणणार, मी कळवलं होतं. खालचा म्हणणार, मीही कळवलं होतं. सगळ्यांच्या सह्या आहेत, कोणाचंच चुकलेलं नाही. अंगावर आलेलं ढकलायचा कागद असतो तो. त्या शंभरात एखादा खरा आणि नेमका असतो, तो बाकीच्या नव्याण्णवांसारखाच दिसतो.

म्हणून मी खुर्चीत असतो तर पहिला हुकूम हा काढला असता: ठिकाण, वेळ किंवा माणूस यातलं एकही नसेल तर अलर्ट म्हणून पाठवायचं नाही. आणि ज्यात असेल त्यावर कोणी, कधी, काय केलं हे चोवीस तासांत उलट कळवायचं.

शंखनाद

आलो बरं का बाण.

बाकराव, अहवाल वाचणं चांगलं, पण तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली. शत्रू. नॉर्वेचा खुनी एकटा होता, त्याला ना शेजारच्या देशात छावण्या, ना कुणाचा पैसा. जिथे पलीकडे बसून कोणी माणसं तयार करून धाडतोय तिथे रस्ता बंद करून आणि कागद नीट फिरवून काय होणार? तुम्ही गोलकीपर कितीही चांगला ठेवा, समोरचा दिवसभर चेंडू मारत राहिला तर एखादा जाणारच. किंमत मोजायला लावली पाहिजे.

आणि नमतं घेतलं की काय होतं तेही अहवालात वाचा. डिसेंबर १९९९, कंदाहार. प्रवाशांच्या बदल्यात तिघांना सोडलं. त्यातल्या मसूद अझहरनं पुढच्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद काढली. इस्रायलनं २०११ मध्ये एका सैनिकासाठी १०२७ कैदी सोडले, त्यातला एक याह्या सिनवार. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यामागे तोच होता. १९७६ मध्ये युगांडातल्या एंटेबे विमानतळावर छापा घालून ओलीस सोडवून दाखवले त्याच देशाची ही गत, मग बाकीच्यांची काय कथा.

मुक्तछंद

शंखनाद, कंदाहारबद्दल सहमत, पण एक विचारते. त्या विमानात तुमची बहीण असती तर? हा कुजकट प्रश्न नाही. सरकारला हाच प्रश्न नातेवाईक विचारत होते, तोही कॅमेऱ्यासमोर.

शंखनाद

बहीण असती तर मीही दारात बसून रडलोच असतो, सोडा म्हणून. म्हणूनच तो निर्णय माझ्या हातात नको. त्यासाठीच सरकार असतं ना?

मुक्तछंद

हे उत्तर आवडलं. मत बदललं नाही, पण आवडलं.

सांजवात

मी अपघात विभागात नर्स आहे, सतरा वर्षं. 'जखमींना वाचवावं' हे बाकदादांनी दोन शब्दांत उरकलंय, त्यावर जरा लिहिते.

मोठ्या घटनेत पहिली रांग लागते ती चालत्या जखमींची. काचा लागलेले, घाबरलेले, पण स्वतःच्या पायांनी येणारे. ते सगळ्यात जवळच्या दवाखान्यात धावतात आणि सगळ्या खाटा अडवतात. खरे अत्यवस्थ मागून येतात, तोवर जागा संपलेली. आमच्याकडे एकदा सराव झाला. खोटे जखमी, खोटं रक्त. जवळपासच्या सगळ्या रुग्णवाहिकांनी सगळे 'जखमी' आमच्याच दारात आणून ओतले. दहा मिनिटांवरचं दुसरं रुग्णालय रिकामं बसलं होतं, कारण त्यांना कळवायचं काम कोणाचं हेच ठरलेलं नव्हतं. सरावानंतर भाषणं झाली, फोटो निघाले. त्या चुकीवर पुढे काय झालं ते मला तरी कोणी सांगितलं नाही.

उलट बॉस्टनचं बघा. १५ एप्रिल २०१३, मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर दोन बॉम्ब. तिघं जागीच गेले, अडीचशेहून अधिक जखमी, कित्येकांचे पाय गेले. पण रुग्णालयात जिवंत पोचलेला एकही माणूस दगावला नाही. एक तर शर्यतीमुळे डॉक्टर-नर्स तिथेच होते. बघ्यांनी पट्टे, कपडे जे हाताला लागेल ते जांघेशी आवळून रक्त थांबवलं. आणि जखमी वेगवेगळ्या रुग्णालयांत वाटून पाठवले गेले.

मॉस्को, ऑक्टोबर २००२. थिएटरात आठशेवर ओलीस. आत गॅस सोडून दहशतवाद्यांना बेशुद्ध केलं, सगळे मारले. कारवाई म्हणून जबरदस्त. पण कोणता गॅस हे बाहेर थांबलेल्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. सुमारे १३० ओलीस मेले, बहुतेक सगळे त्या गॅसनं आणि उपचारांतल्या गोंधळानं. बेशुद्ध माणसाला उताणं टाकलं की जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. कुशीवर वळवून ठेवायला किती अक्कल लागते?

तिरकस_बाण

ताई, दंडवत. धागा वाचनखुणेत टाकला.

गणितवेडी

मला एक उदाहरण करून बघू द्या, कारण पुढच्या वीस प्रतिसादांत कोणीतरी 'सगळ्यांचे फोन तपासा, संगणक शोधेल' म्हणणार आहेच.

समजा एक कोटी लोक आहेत. त्यात १०० दहशतवादी. तुमच्याकडे यंत्र आहे जे ९९ टक्के वेळा बरोबर सांगतं (असं यंत्र कुठेही नाही, पण समजा). ते १०० पैकी ९९ पकडेल. छान. पण उरलेल्या निरपराध लोकांपैकी एक टक्का चुकून पकडेल, म्हणजे जवळजवळ एक लाख. आता तुमच्या हातात एक लाख नावं आहेत आणि त्यात ९९ खरी. हजारात एक. त्या प्रत्येकामागे पाळत ठेवायला माणसं कुठून आणणार? नानांच्या अलर्टचंच हे मोठं रूप आहे.

लंबोदर

पण विमानतळावर तपासणी करतातच ना सगळ्यांची. ती पण बंद करायची का मग?

गणितवेडी

तिथे शस्त्र शोधतात, माणसाचं मन नाही. धातू आहे की नाही याचं उत्तर मिळतं. 'हा उद्या काय करेल' याचं मिळत नाही.

कोरडा_पाषाण

विमानाचा विषय निघालाच आहे तर. एकानं डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं लपवून आणली. ती फुटली नाहीत. त्यापायी अमेरिकेत कोट्यवधी लोक वर्षानुवर्षं बूट काढून अनवाणी चालले, ती सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. नशीब त्यानं अंतर्वस्त्रात लपवली नव्हती.

अर्धवटराव

लपवली होती की! दुसऱ्यानं, २००९ च्या नाताळात. ती पण नीट फुटली नाहीत.

कोरडा_पाषाण

मग पुढचं मी विचारत नाही.

खिडकीजवळ

विमानाचं आणखी एक. ११ सप्टेंबरनंतर झालेल्या बदलांत सगळ्यात शहाणा बदल म्हणजे वैमानिकाच्या कक्षाचं मजबूत दार, असं मी कायम म्हणायचो. स्वस्त, साधं, कोणाचं स्वातंत्र्य जात नाही. मग मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं तेच दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सवर आपटलं, १५० लोक गेले. कप्तान बाहेरून दार ठोठावत होता. दार बसवणाऱ्यांची चूक म्हणता येत नाही, पण प्रत्येक उपायाला मागची बाजू असते हे मनात बसलं.

भीतीचीही मागची बाजू असते. त्या हल्ल्यानंतर अमेरिकेत लोकांनी विमान सोडून मोटारी धरल्या. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञानं हिशेब मांडला, पुढच्या बारा महिन्यांत त्यापायी सुमारे १५०० माणसं रस्त्यांवर जास्तीची मेली. अपहृत विमानांतल्या प्रवाशांपेक्षा हा आकडा मोठा आहे. म्हणून सरकारनं हल्ल्यानंतर काय बोलावं, कोणत्या सुरात बोलावं, हाही सुरक्षेचाच भाग झाला.

मधला_बाक

'लोकांशी खरं बोलावं' यावर कोणी लिहील म्हणून थांबलो होतो, आता मीच लिहितो. माद्रिद, ११ मार्च २००४. चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब, १९० हून अधिक मृत. तीन दिवसांवर निवडणूक. सरकारनं लगेच बास्क फुटीरांच्या 'एटा' या संघटनेकडे बोट दाखवलं, आणि पुरावे दुसरीकडे जाऊ लागले तरी ते बोट खाली घेतलं नाही. लोकांना वाटलं की इराक युद्धातल्या सहभागाचं खापर फुटू नये म्हणून आपल्याला फसवतायत. रविवारी सरकार पडलं.

'आत्ता आम्हाला माहीत नाही' हे वाक्य कोणत्याही मंत्र्याला इतकं का जड जातं?

तिरकस_बाण

कारण ते बाकीच्या दिवशी पण खरं असतं.

शंखनाद

हा हा. हे मात्र मान्य.

दूरचा_दिवा

माध्यमांचं कोणीच काढलं नाही अजून. म्युनिक, १९७२. इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं होतं, पोलीस छपरावरून आत उतरायच्या तयारीत. हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं आणि खोल्यांत टीव्ही होते. बेत सोडावा लागला. शेवटी ११ खेळाडू आणि प्रशिक्षक गेले. जर्मनीनं त्यातून जीएसजी-९ हे खास दल उभं केलं.

छत्तीस वर्षांनी मुंबई. २६ नोव्हेंबर २००८, दहा हल्लेखोर, १६६ मृत. कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराला धरून उतरतायत ते थेट प्रक्षेपणात, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून फोनवरून आतल्यांना सूचना देतायत. सर्वोच्च न्यायालयानं कसाबच्या निकालात वाहिन्यांना चांगलंच फटकारलं. तरी थेट प्रक्षेपणावर नेमका नियम यायला २०१५ उजाडलं. आता कारवाई चालू असताना नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा तर कळसच. २०१९, ५१ खून, खुनी स्वतःच प्रक्षेपण करतोय. तिथे तेव्हाच्या पंतप्रधान आर्डर्नबाईंनी एक केलं ते मला फार पटलं. त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत घेतलं नाही.

अर्धवटराव

पण बाकरावांच्या नियमाला तिथेच तडा जातो की! आर्डर्न यांनी महिन्याच्या आत कायदा केला. १५ मार्चला हल्ला, १० एप्रिलला अर्धस्वयंचलित लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी संसदेत मंजूर. लोक तयार होते तेव्हाच झालं. सहा महिने थांबले असते तर बंदूकवाल्यांनी होऊ दिलं असतं का? आणि २६/११ नंतर एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा महिनाभरात संसदेत मंजूर झाला, एनएसजी कमांडोंची केंद्रं मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्यात आली. त्या रात्री दिल्लीजवळच्या मानेसरहून निघून कमांडो मुंबईत पोचेपर्यंत सकाळ उजाडली होती. ही दुरुस्ती घाईत झाली म्हणून वाईट का?

मधला_बाक

अर्धवटराव, नाव बदला, शोभत नाही. इथे मला माघार घ्यावी लागतेय. एक मात्र म्हणेन: बंदूक आणि केंद्र या नेमक्या उणिवा होत्या. माझा राग 'कडक कायदा' या मोघम औषधावर आहे.

अजनबी

त्या मोघम औषधाबद्दल मला बोलायचं आहे. बरेच दिवस वाचनमात्र होतो.

माझं नाव असं आहे की स्फोट झाला की मित्रांचे फोन येतात, 'ठीक आहेस ना?' आणि त्यातले दोघे-तिघे जखमी झालास का म्हणून विचारत नसतात. मी विद्यार्थी असताना एका हल्ल्यानंतर मला चौकशीला नेलं. मारहाण नाही, काही नाही. दोन दिवस त्याच खुर्चीवर, तेच प्रश्न. कारण काय, तर ज्याला ते शोधत होते त्याच्या चुलतभावाबरोबर मी वसतिगृहात राहिलो होतो. सोडलं, माफी वगैरे प्रश्नच नाही. घरमालकानं आठवड्यात खोली रिकामी करायला सांगितली.

आता ऐका. त्याआधी वर्षभर त्या चुलतभावाबद्दल मला शंका येत होती. बोलणं बदललं होतं, रात्री अपरात्री माणसं येत होती. मी कुणाला सांगावं या विचारात होतो. ओळखीचा एक बीटचा हवालदार होता, भला माणूस, त्याला सांगायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्या दोन दिवसांनंतर? आज तसंच काही दिसलं तर मी सांगेन का? सांगेन म्हणायला जीभ वळते. छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

सांजवात

अजनबी, लिहिलंत ते बरं केलंत.

काळा_डगला

वकिली करतो, म्हणून अजनबींच्या प्रतिसादाला आकडे जोडतो. उत्तर आयर्लंड, ९ ऑगस्ट १९७१. खटल्याविना स्थानबद्धता सुरू, पहिल्याच दिवशी ३४२ जण उचलले. याद्या जुन्या, खरे बंदूकवाले आधीच निसटलेले, सापडले ते भलतेच. हिंसा कमी व्हायच्या ऐवजी भडकली. १९७२ हे त्या सगळ्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. १९७५ च्या शेवटी ते गुंडाळलं.

आपल्याकडे टाडा, १९८५ ते १९९५. सत्तर हजारांवर लोक आत, शिक्षेचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत. ११ जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले सात स्फोट आठवा, १८९ मृत. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, अपील व्हायचं ते होईल. पण उच्च न्यायालय बरोबर असेल तर १८९ माणसांचे खुनी कोण, याला एकोणीस वर्षांनी उत्तर नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांना काय सांगायचं? चुकीचा माणूस आत असतो तेव्हा बरोबर माणूस बाहेर असतो. मानवी हक्क बाजूला ठेवा, निव्वळ बंदोबस्त म्हणून बघितलं तरी हे अपयश आहे.

शंखनाद

अजनबी, तुमच्याबाबत झालं ते वाईट झालं, मनापासून. पण वकीलसाहेब, सगळा दोष तपासणाऱ्यांवर टाकून कसं चालेल? साक्षीदार घाबरतात, पुरावा सीमेपलीकडे, खटला वीस वर्षं चालतो. पोलीस तरी काय करणार? श्रीलंकेनं लिट्टेशी पंचवीस वर्षं बोलणी, युद्धबंद्या सगळं केलं. २००९ मध्ये सैन्यानं संपवली तेव्हाच संपली.

काळा_डगला

संपवली, खरं आहे. शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असावीत असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं म्हटलं होतं. बिल कोणी भरलं तेही लिहू या.

आणि 'सैन्यच संपवतं' म्हणाल तर रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा २००८ चा अभ्यास आहे. १९६८ ते २००६ मधल्या ६४८ गटांची यादी. त्यातल्या जे संपले त्यांतले ४३ टक्के राजकारणात सामील होऊन, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांच्या कामामुळे. लष्करी बळानं ७ टक्के. दहा टक्के तर जिंकून संपले!

ईशान्यवारा

त्या ४३ टक्क्यांतलं घरचं उदाहरण द्यायचं तर मिझोराम. मार्च १९६६ मध्ये ऐझॉलवर आपल्याच हवाई दलानं हल्ला केला होता. वीस वर्षं बंड चाललं. ३० जून १९८६ ला करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून मिझोराम शांत आहे. शंखनादराव, तिथेही शेजारच्या देशात छावण्या होत्या बरं का.

शंखनाद

होत्या, आणि १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातला आधार सुटला म्हणून ते हळूहळू बोलायला आले. सैन्यानं दार उघडलं, मग करार आत शिरला. अर्धा गुण मला द्या.

ईशान्यवारा

दिला.

निवृत्त_नाना

पोलिसांच्या त्या ४० टक्क्यांवर बोलतो, कारण ते काम दिसत नाही आणि त्याच्या बातम्या होत नाहीत.

पेरूमधली शायनिंग पाथ ही माओवादी बंडखोर संघटना. त्या संघर्षात सुमारे ६९ हजार लोक मेले किंवा नाहीसे झाले असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. लष्करानं गावंच्या गावं भाजून काढली, आटोक्यात येईना. शेवटी पोलिसांच्या एका लहानशा पथकानं, हाताशी फारसं काही नसताना, पाळत सुरू केली. राजधानीत खाली नृत्यशाळा असलेलं एक घर होतं. नृत्यशिक्षिका एकटी राहते म्हणायची आणि कचरा निघायचा तो एका माणसाच्या मानानं फार जास्त. यांनी तो कचरा उचलून उपसायला सुरुवात केली. सिगारेटची थोटकं सापडली, सोरायसिसच्या औषधाच्या नळ्या सापडल्या. म्होरक्या गुझमानला सोरायसिस आहे हे त्यांना ठाऊक होतं. १२ सप्टेंबर १९९२ ला वर जाऊन त्याला धरला. एकही गोळी लागून कोणी मेलं नाही. संघटनेचा कणा तिथे मोडला.

महिनोन्‌महिने कचरा उपसणाऱ्या माणसाला बढती द्यायची की नाही, यावर सरकारची परीक्षा होते.

तिरकस_बाण

नाना, आमच्याकडे त्याला बढती नाही, कचरा वर्गीकरण समितीवर नेमणूक मिळेल.

पासबुक

मी बँकेत संशयास्पद व्यवहार बघणाऱ्या विभागात. पैसा अडवला की दहशतवाद अडतो, हे अर्धसत्य आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सगळा खर्च चार ते पाच लाख डॉलर, असं अमेरिकेच्या चौकशी आयोगानं म्हटलंय. एका माणसानं गाडी गर्दीत घालायची ठरवली तर खर्च पेट्रोलचा. पैशाचा माग काढण्यानं हल्ला सहसा थांबत नाही, पण झाल्यावर कोण कोणाशी जोडलेलं होतं ते त्यातून निघतं. शिवाय देशावर दबाव येतो, दहशतवादाचा पैसा अडवायला देशांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या करड्या यादीत पाकिस्तान २०१८ ते २०२२ होता, तेव्हा काही खटले तरी तिथे उभे राहिले. आम्हीही नानांच्या आजारानं पछाडलेलो आहोत. अंगावर नको म्हणून जरा शंका आली की अहवाल पाठवून मोकळे. वर कोण वाचतो, देव जाणे.

खिडकीजवळ

वर कोणी वाचलं तरी पुढे काय, याला श्रीलंकेसारखं उदाहरण नाही. २१ एप्रिल २०१९, ईस्टर. २६० हून अधिक मृत. भारतानं ४ एप्रिललाच सावध केलं होतं. पण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांचं भांडण, पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकांना बोलावणंच बंद होतं. माहिती वरच्या कपाटात राहिली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना स्वतः दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. बाकरावांच्या टेबलाला दंड झालेला हा एकच प्रसंग माझ्या वाचनात आहे.

शंखनाद

हे आपल्याला जाम आवडलं. बाकीच्या मुद्द्यांवर भांडत राहू, पण चूक करणाऱ्याच्या खिशातून पैसे, याला माझा पाठिंबा.

निवृत्त_नाना

शंखनादराव, जरा थांबा. दंडाच्या भीतीनं अलर्ट दुप्पट होतील. 'मी कळवलं होतं' म्हणायला जो तो कागद सोडेल.

मधला_बाक

हं. हा पेच आहे खरा. शिक्षा नसेल तर कोणी वाचत नाही, शिक्षा असेल तर सगळे नुसते पाठवतात.

मँचेस्टरच्या चौकशीतलं एक पान राहून राहून आठवतंय. २२ मे २०१७, मैफल सुटताना स्फोट, २२ मृत. त्याआधी एका पालकानं पाठीवर मोठी पिशवी घेतलेल्या त्या माणसाबद्दल सुरक्षारक्षकांना सांगितलं होतं. रक्षक म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. त्यातल्या एकानं नंतर सांगितलं, चुकलो तर वंशद्वेषी ठरेन अशी भीती वाटली. नियंत्रण कक्षाला कळवायचा प्रयत्न केला, बिनतारी लागेना. सोडून दिलं. (अग्निशमन दल दोन तासांनी पोचलं, तो वेगळाच अध्याय.) अजनबींना दोन दिवस बसवलं ती चूक, आणि इथे विचारलंच नाही ती चूक. त्या पोराच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

अजनबी

मला सांगता येईल. जवळ जाऊन 'काका, कोणाला शोधताय का?' एवढं विचारायचं. मला त्या दोन दिवसांत कोणी असं विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. त्या चुलतभावाचंसुद्धा.

लंबोदर

नाना, तुम्हाला असा कधी फोन आला होता का, सामान्य माणसाचा, की ज्यातून काही निघालं?

निवृत्त_नाना

निघालं असे थोडे. एक सांगतो, ज्यातून काही निघालं नाही.

एका इमारतीचा रखवालदार होता. रात्री फोन, 'साहेब, फाटकासमोर अनोळखी गाडी उभी आहे.' गाडी पाठवली, कोणा पाहुण्याची निघाली. आठ दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, मी दुसऱ्या गडबडीत होतो, त्याच्यावर जोरात ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस शांतपणे 'चुकलं साहेब' म्हणाला. गाडी त्याही वेळी साधीच होती.

लंबोदर

मग पुढे?

निवृत्त_नाना

पुढे त्याचा फोन आला नाही. बदली होईपर्यंत दोन वर्षं मी त्या कक्षात होतो. रजिस्टरात बघायचो अधूनमधून.